ब्रेकवरचे सर

आमच्या सासूबाई सासऱ्यांचं नाव कधी घेत नसत. 'ते आलेत', 'त्यांना विचारते', 'ते म्हणतील तसं', असं त्यांचं बोलणं. सर सरकारविषयी अगदी तसंच बोलायचे. सरकार हा शब्द ते फक्त वर्गात फळ्यावर लिहिताना वापरत. एरवी स्टाफरूममध्ये, बसस्टॉपवर, माझ्या दुकानाच्या काउंटरला टेकून चहा पिताना सरकार म्हणजे 'ते'. "त्यांचं अजून काही आलं नाही." "एवढा मोठा कारभार त्यांचा, वेळ लागणारच." आणि सगळ्यात जास्त वेळा, परभणीकडच्या त्यांच्या बोलीत, "ते विचार करायलेत, बाई."

सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या दुकानात बसून शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "आवं मास्तर, सरकार म्हंजी काय नवरा हाय व्हय तुमचा?"

सर लाजले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, आणि ते खरोखर लाजले. मला हसू आलं आणि पाठोपाठ रागही आला. सरांच्या बाबतीत माझं हे नेहमीचंच होतं. हसू आधी यायचं, राग मागून यायचा, आणि मग राग जायचं नाव घेत नसे.

पिंपळे गुरवमधल्या आमच्या कॉलेजात सर अर्थशास्त्र शिकवायचे. तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पद मंजूर असतं, शिकवायला वर्ग असतो, वर्गात पोरं असतात. फक्त पद भरायची परवानगी नसते. मग जेवढे तास शिकवाल तेवढ्याचा पगार. आजारी पडलात की तास गेले, गणपतीची सुट्टी लागली की तास गेले. मार्च संपला की तुम्हाला कार्यमुक्त करतात आणि जुलैत त्याच जागेसाठी तुमची पुन्हा मुलाखत घेतात. मीही त्याच कॉलेजात मराठी शिकवायला होते, तशीच, तासांवर. तीन वर्षांत मला पुरेसं कळलं. माझे सासरे सांगवीतले जुने रहिवासी, कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचा एक गाळा होता. त्यात मी झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि कॉलेजकडे रस्त्याच्या या बाजूने बघायला लागले. सर मात्र आतच राहिले. मी तिथे गेले त्याच्या कितीतरी आधीपासून ते होते, आणि मी सुटले त्याच्यानंतरही वर्षानुवर्षं राहिले.

त्यांची एक कापडी पिशवी होती. तिच्यात खडूची डबी, डस्टर, चहाचा कप, हात पुसायला पंचा आणि खुर्चीवर टाकायची चपटी उशी. हे सगळं ते रोज घेऊन यायचे आणि रोज घेऊन जायचे. स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा होता, पण त्यात त्यांनी कधी टाचणीसुद्धा ठेवली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वस्तू ठेवली की मन बसतं, बाई. आधी त्यांचं येऊ द्या. मग कुलूप लावून ठेवू."

सगळी स्टाफरूम सरकारला शिव्या द्यायची. ज्यांचे पगार वेळेवर होत ते जास्त द्यायचे. सर तेवढ्यापुरते उठून बाहेर जायचे, आणि कुणी फारच बोललं तर दारातून परत फिरून भांडायचे. त्यांचं म्हणणं असं, की सरकार हे काही आभाळातून पडत नाही. आपण वापरलं नाही की ते मरतं. म्हणून ते स्वतः महापालिकेच्या बसनेच यायचे. बस आली नाही तर उशीर व्हायचा, पण सहा आसनी रिक्षात पाय ठेवायचे नाहीत. तापाने फणफणले तरी औंधच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत बसायचे. "शिकलेली माणसं रांगेतून उठून गेली म्हणून दवाखाना बिघडला," असं ते म्हणायचे. एकदा त्या रांगेत त्यांना चक्कर आली आणि आमच्या यांनी रिक्षात घालून घरी आणलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती रांगेतला नंबर गेला का याची.

अशा माणसाला वेडा म्हणून सोडून देणं सोपं आहे. बहुतेकांनी तेच केलं. पण त्यांना वर्गात शिकवताना ज्यांनी ऐकलं त्यांना ते जमलं नाही. 'अर्थव्यवस्थेतील सरकारची भूमिका' हा धडा ते वर्गात शिकवायचेच नाहीत. पावसाने जरा उघडीप दिली की सगळ्या वर्गाला घेऊन ते फाटकाबाहेर यायचे, माझ्या दुकानासमोर फुटपाथवर पोरांना उभं करायचे आणि एकेका गोष्टीकडे बोट दाखवून विचारायचे, "कुणाचं?"

"रस्ता?"

"सरकारचा."

"खांब?"

"सरकारचा."

"खांबावर लटकवलेला फ्लेक्स?"

"नगरसेवकाचा, सर."

"आणि खांबाला फ्लेक्स लावायची परवानगी कुणी दिली?"

मग पोरं हसायची. समोरून कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या चाकणकडे जायच्या, खिडक्यांना डोकी टेकून माणसं झोपलेली. सर विचारायचे, बस कुणाची, रस्ता कुणाचा, पूल कुणी बांधला, कंपनीला जमीन कुणी घेऊन दिली, पाणी कुठल्या धरणातून गेलं, वीज कुणाच्या तारेतून गेली. एकेक करून पोरांच्या लक्षात यायचं, की ज्या कंपनीला आपण खासगी म्हणतो तिच्या पायाखाली सगळं सरकारच अंथरलेलं आहे. वडापावच्या गाडीपाशी एका पोराने विचारलं होतं, "सर, फुटपाथ सरकारचा, गाडी भावड्याची. मग हप्ता कुणाचा?" सर क्षणभर थांबून म्हणाले, "ही मिश्र अर्थव्यवस्था." भावड्यासकट सगळे हसले.

शेवटी ते गंभीर व्हायचे. आवाज खाली आणून सांगायचे की सरकारचं सगळ्यात मोठं काम रस्ते बांधणं नाही की कर घेणं नाही. सरकार हा देशातला सगळ्यात मोठा मालक आहे. त्याने आधी स्वतः नमुन्याचा मालक व्हावं. "सरकार आपल्या माणसाशी जसं वागतं, ते बघून बाजार शिकतो. हे वाक्य लिहून घ्या." पोरं वहीत लिहून घ्यायची. त्यांना सगळं ठाऊक असायचं. सरांचा पगार, सरांचा मार्च, सरांचा जुलै. दरवर्षी एखादं आगाऊ कार्टं मागून विचारायचंच, "सर, आणि तुम्ही कुणाचे?"

सर छाती काढून सांगायचे, "सरकारचा. फक्त त्यांनी अजून ताबा घेतलेला नाही."

काउंटरमागे उभी राहून मी हे दरवर्षी ऐकायचे. पहिल्या वर्षी हसले होते.

दरवर्षी जुलैत मुलाखत व्हायची. सर व्हरांड्यातल्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसायचे, कुणीतरी नवखा उमेदवार असल्यासारखे. त्यांनी शिकवलेली पोरं तोवर एम.ए. होऊन त्यांच्याच बाजूला त्याच जागेसाठी बसलेली असायची. आत प्राचार्य आणि विद्यापीठाने पाठवलेला कुणी तज्ज्ञ. तज्ज्ञ बदलायचा, प्रश्न बदलायचा नाही. अर्थव्यवस्थेत सरकारची भूमिका काय, हाच प्रश्न, कारण बहुतेक तज्ज्ञांना आयत्या वेळी तेवढाच आठवायचा. सर मनापासून उत्तर द्यायचे, नमुन्याच्या मालकापर्यंत. प्राचार्य मान डोलवायचे. मग म्हणायचे, "ठीक आहे सर, उद्यापासून या. जागा तुमचीच आहे." हेच वाक्य ते मार्चमध्ये कार्यमुक्त करतानाही म्हणायचे, फक्त 'उद्या'च्या ठिकाणी 'जुलै' घालून. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस सापडला असता तर मला चिडायला बरं झालं असतं.

एप्रिल ते जून हे महिने सर काय करतात हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. गावाकडे जात असतील असं वाटायचं. खरं म्हणजे ते चाकणला जायचे.

चाकण पट्ट्यात ब्रेक म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नाही. कंत्राटी पोरगं कंपनीत काही महिने सलग लागलं की ते कायम करा म्हणायला मोकळं होईल, म्हणून त्याच्या आधीच त्याला घरी बसवतात. हा ब्रेक. थोडे दिवस गेले की त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला, दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर परत घेतात. आता याची इतकी सवय झाली आहे की पोरं ब्रेक बघून लग्नाची तारीख काढतात, ब्रेकमध्ये गावी घराचा पत्रा बदलून येतात. सोयरे विचारतात, "ब्रेक कधी आहे?" जसं काही सणच आहे. सर आपल्या मार्च-जुलैलाही ब्रेकच म्हणायचे. आणि त्या ब्रेकमध्ये ते चाकणजवळच्या निघोज्याला एका कंपनीच्या फाटकावर कंत्राटी कामगारांची हजेरी घ्यायचं काम करायचे.

हे काम त्यांना सोमनाथने दिलं होतं. सोमनाथ त्यांचा विद्यार्थी, निघोज्याचाच. त्यांच्या घरची जमीन कंपन्यांसाठी गेली, आणि मग त्या कंपन्यांना माणसं पुरवायचा धंदा सोमनाथने सुरू केला. वर्गात मागच्या बाकावर झोपायचा. गळ्यात चेन आली, पांढरी गाडी आली, पण सर दिसले की अजूनही गाडीतून उतरून पाया पडायचा. ते नाटक नव्हतं. मला सोमनाथ कधी आवडला नाही, तरी एवढं मान्य करते.

एकदा सासूबाईंनी सरांसाठी स्थळ आणलं. त्यांच्या भावाची मुलगी, पिंपळे निलखच्या शाळेत शिक्षिका, पहिलं लग्न मोडलेलं, समजूतदार. कांदेपोहे आमच्याच घरी झाले. मुलीच्या बापाने विचारायचं तेच विचारलं, "नोकरी कायम आहे का?" सर म्हणाले, "नाही. पण ते विचार करायलेत." बापाने पोह्यांची बशी खाली ठेवली. तेव्हा ती मुलगी स्वतः बोलली. म्हणाली, "माझी कायम आहे. तेवढं पुरेल दोघांना."

एवढं कोण बोलतं? मला वाटलं आता हा माणूस सुटला. सर मात्र खाली बघून म्हणाले, "आधी त्यांचं येऊ द्या. मग मी स्वतः तुमच्या दारात येईन." ती दोन वर्षं थांबली. मग तिने लग्न केलं, आणि पत्रिका द्यायला दुकानात आली तेव्हा सर काउंटरला टेकून चहा पीत उभे होते. त्यांनी पत्रिका हातात घेतली, कागद चांगला आहे म्हणाले आणि कप विसळून पिशवीत ठेवला. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. ज्याला तुम्ही दिसतही नाही त्याच्यासाठी तुम्ही समोर बसलेल्या बाईला नाही म्हणालात, असं तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही लई घाई करायलात." मला अजूनही त्याचा राग येतो. ती चूक सरकारची नव्हती, त्यांची होती, आणि ती करायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

मग एका मे महिन्यात प्राचार्यांचा मला फोन आला. सरांचा फोन लागत नाही, तुमच्याकडे येतात ना, निरोप द्या. पद भरायला परवानगी आली आहे. अर्थशास्त्राचं पद मंजूर, भरायचं आहे.

मी दुकान सासूबाईंवर टाकलं आणि गाडी काढली. नाशिक फाट्यावरून पुढे भोसरी, मोशी, ट्रकच्या मागे ट्रक, ऊन मी म्हणत होतं. दहा वेळा फोन लावला. सर ड्यूटीवर फोन बंद ठेवायचे, वर्गात ठेवायचे तसाच. निघोज्याला पोचले तेव्हा दुपारची शिफ्ट बदलत होती.

फाटकापाशी पोरांची रांग होती, आणि रांगेसमोर सर उभे होते. अंगावर सोमनाथच्या एजन्सीचं भगभगीत पिवळं जाकीट, डोक्यावर टोपी, खांद्याला तीच कापडी पिशवी. ते नावं पुकारत होते, वर्गात पुकारायचे तशीच, आडनाव आधी, मग थोडं थांबून नाव. आणि पोरं, जी इतर कुणी हाक मारली तर नुसता हात वर करतात, ती म्हणत होती, "हजर, सर." त्यातली निम्मी त्यांच्याच वर्गातली होती. कॉलेजात नाव घालायचं, शिकाऊ म्हणून कंपनीत लागायचं, तशी योजनाच निघाली होती. शिकाऊ म्हटलं की पगार द्यावा लागत नाही, विद्यावेतन चालतं. जी पोरं वर्गात दिसेनाशी झाली होती ती इथे हजर होती.

हजेरी झाल्यावर सरांनी काही पोरांना बाजूला बोलावलं. मी झाडाखाली उभी होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते त्या पोरांना म्हणाले, "तुमचा ब्रेक आजपासून." पोरांना ठाऊकच होतं. एक जण, लातूरकडचा असावा, म्हणाला, "सर, या टायमाला थोडं सांगून बगा ना. घरी बहिणीचं लग्न ठरू लालंय." सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जुलैत ये. जागा तुझीच आहे."

वाक्य प्राचार्यांचं होतं. आवाजही प्राचार्यांसारखाच होता, समजुतीचा, जरा थकलेला. सरांना ते कळलं का, मला माहीत नाही. मी पुढे गेले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की परवानगी आली.

 सरांनी आधी टोपी काढली. मग जाकीट काढून नीट घडी घातली आणि सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ठेवलं. मग रांगेकडे वळले आणि म्हणाले, "पोरांनो, त्यांचं आलं."

कुणाला काही कळलं नाही. मीच म्हणाले, "सर कायम होणार." तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना आत्ताच ब्रेक मिळाला होता त्यांनीही वाजवल्या. तो लातूरचा पोरगा तर शिट्टी मारत होता. परत येताना सर माझ्या गाडीवर मागे बसले. खासगी वाहनात ते पहिल्यांदा आपण होऊन बसले असतील. मोशीपाशी म्हणाले, "बघा, मी म्हणलो नव्हतो?" आणि मग भोसरीपर्यंत रडत होते. मी आरशात बघितलं नाही.

जूनभर ते वेगळेच होते. पेढे वाटले, आमच्या सासूबाईंच्या हातावर स्वतः ठेवले. त्या म्हणाल्या, "आलं व्हय मालक तुमचं? लई दमवलं बाबा." सरांनी बाजारातून पितळी कुलूप आणलं. स्टाफरूमच्या कपाटात कप, डस्टर, पंचा, उशी ठेवली, कुलूप लावलं आणि रिकामी पिशवी घडी घालून खिशात घातली. रस्ता ओलांडताना त्यांचे हात मोकळे होते, आणि त्या मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मुलाखत झाली. प्रश्न तोच होता, उत्तरही तेच. निवड त्यांचीच झाली. एवढं सगळं खरं होतं, कुणी खोटं बोललं नव्हतं.

पद भरायची परवानगी आधी आली. पद कसं भरायचं, ते मागाहून आलं. नवीन धोरणाप्रमाणे माणसं थेट घ्यायची नाहीत, मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेकडून घ्यायची. काम कॉलेजात, नोकरी संस्थेची, करार अकरा महिन्यांचा.

मला हे सोमनाथकडून कळलं. तो एका दुपारी दुकानात आला, सगळ्या निवडलेल्या माणसांच्या कागदांच्या प्रती काढायच्या होत्या. आमच्या कॉलेजचं काम त्याच्या एजन्सीला मिळालं होतं. गठ्ठ्यात सगळ्यात वर सरांची पदवी होती.

मी विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं, ताई. सर आपलेच हायेत. दुसऱ्या कुणाकडं गेलं आसतं काम, तर सरांची आबाळ झाली आसती. आमी हाय म्हनून न्हाई व्हनार."

"आणि अकरा महिन्यांनी? ब्रेक?"

तो जरा वरमला. चेन शर्टाच्या आत सारली. मग म्हणाला, "आवो, आता म्या काय नवीन काढलंय का? सरांनीच शिकवलं आमाला. सरकार आपल्या मान्साशी जसं वागतं, ते बघून बाजार शिकतो. लिहून घ्या म्हनले व्हते." तो हसला नाही. टोमणा मारत नव्हता, त्याला तो धडा खरोखर तेवढाच समजला होता. मी मशीन चालू केलं, कारण दुसरं काय करणार. त्याच्या प्रती काढून दिल्या आणि नेहमीचाच दर लावला.

सरांना कुणी आणि कसं सांगितलं ते मी विचारलं नाही. ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते खांद्याला पिशवी लावून, आणि ती भरलेली होती. काउंटरवर त्यांनी एक ओळखपत्र ठेवलं, लॅमिनेट करायला. वर एजन्सीचं नाव, मध्ये सरांचा फोटो, खाली नेमणुकीचं ठिकाण म्हणून आमचं कॉलेज. मी ते प्लास्टिकमध्ये सरकवलं. मला सोमनाथचा राग येत होता, प्राचार्यांचा येत होता, आणि ज्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही त्या कुणा 'त्यां'चा सगळ्यात जास्त येत होता.

मी म्हणाले, "सर, नका जाऊ. सोडा आता. इथे बसा माझ्यासोबत, क्लास काढू आपण."

ते ओळखपत्राकडे बघत होते. म्हणाले, "फोटो बरा आलाय."

मग चहा प्यायले, कप विसळला, पिशवीत ठेवला. 'ते विचार करायलेत' हे मात्र म्हणाले नाहीत. तेव्हापासून ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलेलं नाही. हवाबिवा, भाज्यांचे भाव, बसचं वेळापत्रक यावर बोलतात. बस आली नाही तर आता सहा आसनीने येतात. मागे खोकला झाला तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले आणि पैसे देऊन आले. एखादा माणूस घरातून जावा आणि घरातल्यांनी त्याचा विषय काढणं बंद करावं, तसं काहीसं ते वागतात. सकाळी कॉलेजच्या फाटकावर सोमनाथचा माणूस हजेरी घ्यायला उभा असतो. आडनाव आधी, मग नाव. सर म्हणतात, "हजर."

यंदा पावसाने उघडीप दिल्यावर मला वाटलं होतं, आता ते धडा वर्गातच उरकतील. पण परवा दुपारी सर बाहेर आले. वर्ग आता लहान झाला आहे, निम्म्या पोरांच्या अंगात कंपनीचेच शर्ट होते, पहिली शिफ्ट करून आलेली. सरांनी त्यांना फुटपाथवर उभं केलं. गळ्यात ओळखपत्र होतं. सासूबाई दुकानात माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांना आता नीट ऐकू येत नाही.

"रस्ता?"

"सरकारचा."

"खांब?"

"सरकारचा."

सगळं तसंच चाललं होतं. बस, पूल, पाणी, वीज. भावड्याच्या गाडीपाशी मिश्र अर्थव्यवस्थेवर पोरं हसली. नमुन्याच्या मालकाची जागा आली तेव्हा सर थोडे थांबले, आणि ते वाक्य त्यांनी सांगितलं. लिहून घ्या असं म्हणाले नाहीत. तरी एकदोघांनी लिहून घेतलं.

मग मागून एका पोराने विचारलं, "सर, आणि तुम्ही कुणाचे?"

त्याला काही माहीत नसावं. नवीन होता, आणि विचारताना हसत होता. सर त्याच्याकडे बघत राहिले. वाऱ्याने गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं, त्याची कोरी बाजू वर आली होती, आणि त्यांनी ते सरळ केलं नाही. पोरं वाट बघत होती. समोरून कंपनीची एक बस गेली, मग दुसरी गेली. सर तसेच उभे होते.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हनला गं मास्तर?"

मी म्हणाले, "काही नाही. विचार करायलेत."